जुन्या पालिकेची किल्ली

मागच्या मे महिन्यात अब्बांच्या जन्माची नोंद शोधायला मी आमच्या गावच्या नगर परिषदेत गेलो. अब्बा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षी जन्मले एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव एका तऱ्हेने लिहिलेलं, आधार कार्डावर दुसऱ्या आणि पेन्शनच्या कागदावर तिसऱ्या. त्यांना हजला जायचं आहे. हजला पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टला सगळे कागद एकमेकांशी जुळलेले लागतात. कुणीतरी सांगितलं, मूळ जन्मनोंद काढा, बाकीचं त्यावरून दुरुस्त करता येईल.

नगर परिषदेची नवी इमारत तीन मजली आहे. खाली मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं, वर कार्यालय. समोरून सगळी काच. जन्म-मृत्यू विभागातल्या बाबूंनी साल विचारलं आणि मान हलवली. ‘एवढं जुनं साल इथं नाही भाऊ. ते जुन्या पालिकेत. किल्ली शिपाई काकांकडं आहे. ते जेवून येतीन, मंग पाहा.’

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका कार्यालयाची तक्रार करायला हा लेख नाही. वर्धा जिल्ह्यात आज सहा नगर परिषदा आहेत, चार नगर पंचायती आहेत. महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. पुढे जे सांगतो आहे ते यांपैकी कुठल्याही गावात घडू शकतं, आणि बऱ्याच ठिकाणी घडतं आहे.

काका आले. जुन्या पालिकेच्या दाराला पितळी कुलूप. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती गारवा. बाहेर ४५ अंश. नव्या इमारतीत एसी चालू असूनही दाराजवळ बसलेला माणूस घामाघूम होता. इथे वीज कापलेली, पंखा नाही, खिडक्या बंद, आणि तरी अंगावरचा घाम पाच मिनिटांत सुकला. दुसरी गोष्ट जाणवली ती वास. ओलीचा, वाळवीचा आणि जुन्या कागदाचा.

लाकडी रॅकवर लाल कापडात बांधलेले बस्ते होते. काकांना कोणता बस्ता कुठे हे तोंडपाठ. दोन दुपारी आम्ही धूळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी अब्बांचं साल सापडलं. नोंदीत बाळाचं नाव नाही, नुसतं ‘मुलगा’. पण तारीख आहे, दादांचं नाव आहे, धंदा आहे आणि मोहल्ला आहे. शाईचं निळं फिकट झालेलं, पण वाचता येत होतं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि का कोण जाणे, त्या पानावरून हात फिरवला.

मग मी म्हटलं, काका, आलोच आहे तर चाचांचंही साल पाहून घेऊ. त्यांनी शेजारचं रजिस्टर काढलं. ते उघडेना. छपरातून गळणारं पाणी बरोबर त्या कप्प्यावर पडत होतं आणि पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. एका सालात गावात जन्मलेली आणि मेलेली सगळी माणसं त्या विटेत होती. काका म्हणाले, ‘मी दोनदा सांगतलं होतं वर. आता ही बिल्डिंगच पाडणार हायेत म्हणते. धोकादायक ठरवली.’

त्या दिवसापासून हा लेख माझ्या डोक्यात आहे.

आधी ही इमारत तिथे आली कशी ते पाहू. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. पहिलं मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं गाव वसवलं आणि नदीवरून त्याला वर्धा नाव दिलं. त्याच सुमारास मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला तोवर चांगला भाव मिळून गेला होता, आणि हिंगणघाटचा कापूस लांबवर नावाजला जात होता. बाजार आला, गाड्या आल्या, गर्दी आली, पटकी आली. मग रस्ते, दिवे, पाणी आणि नाल्या कोण पाहणार हा प्रश्न आला. हिंगणघाट आणि आर्वीला १८६७ मध्ये नगरपालिका झाली, वर्ध्याला १८७४ मध्ये. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या पालिका त्याच्याही आधीच्या आहेत.

या पालिकांनी पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ज्या इमारती बांधल्या त्या कुणा मोठ्या वास्तुविशारदाच्या नाहीत. त्यांचं चित्र कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ओव्हरसियरने नकाशा काढला, ठेकेदाराने गावच्या गवंड्याकडून बांधून घेतली. पण त्या गवंड्याला आपला उन्हाळा ठाऊक होता. पायाला काळा दगड, वर दीड-दोन फुटांच्या भिंती, चुन्याचा दर्जा, सागवानी तुळया, वर कवेलू. छत इतकं उंच की गरम हवा वर जाते आणि भिंतीच्या माथ्यावरच्या झरोक्यांतून बाहेर पडते. चारही बाजूंनी नाही तर निदान दक्षिण-पश्चिमेला व्हरांडा, म्हणजे दुपारचं ऊन मुख्य भिंतीला लागतच नाही. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते. कार्यालय बंद झाल्यावर ती तापलेली राहिली तरी कुणाचं बिघडत नाही. यात जादू काही नाही. विजेशिवाय माणसांना दिवसभर बसून काम करता यावं, एवढाच हिशेब आहे. आज आपण पश्चिमेला काच लावतो आणि मग ती थंड करायला वीज जाळतो.

चुन्याचंही एक शास्त्र आहे. चुना घाणीत मळायचा, भिजवून ठेवायचा, मग वापरायचा. चुन्याची भिंत ओल शोषते आणि वाळवतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला, वरून ऑइल पेंट फासला, की आतली ओल आत कोंडते. मग पोपडे निघतात, लाकडाची टोकं सडतात, आणि लोक म्हणतात जुनी इमारत खराब झाली. आमच्या जुन्या पालिकेचं नेमकं हेच झालं. एकदा सिमेंट फासलं. एकदा कवेलू काढून अर्ध्या भागावर टिन टाकले. पन्हाळ तुटली ती कुणी बदलली नाही. भिंतीत पिंपळ उगवला, तो कुणी उपटला नाही. अशी वीस वर्षं काढल्यावर इंजिनिअर आला आणि त्याने ‘धोकादायक’ असा शेरा मारला. त्याचा शेरा खोटा नव्हता. पण इमारत म्हातारी झाली म्हणून धोकादायक झाली की बेवारस टाकली म्हणून, हा रकाना त्याच्या फॉर्ममध्ये नसतो.

माझं या इमारतीशी दुसरंही नातं आहे. तिच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत पालिकेची उर्दू प्राथमिक शाळा भरत असे. मी तिथे दुसरीपर्यंत शिकलो. पुढच्या बाजूला वाचनालय होतं. मधली सुट्टी झाली की आम्ही तिथे ‘चांदोबा’ वाचायला घुसायचो. माझं मराठी वाचन शाळेत नाही, त्या बाकावर सुरू झालं. शेजारी दवाखाना होता, कोपऱ्यात कोंडवाडा होता. कुणाची बकरी कोंडली की तिची मालकीण सगळ्या पालिकेला ऐकू जाईल अशा आवाजात भांडायची. एका आवारात जन्माचा दाखला, देवीची लस, पाण्याची पट्टी, शाळा, पेपर आणि बकरी. त्या आवारात गेला नाही असा माणूस गावात नव्हता.

पण इथे थोडं थांबून उलटी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख नुसता आठवणींचा होईल. त्या पायऱ्या सगळ्यांना सारख्या नव्हत्या. सुरुवातीच्या पालिकांत मत देण्याचा हक्क घरपट्टी भरणाऱ्या, मिळकत असलेल्या थोड्या पुरुषांना होता. सभासद म्हणजे मालगुजार, वकील, व्यापारी. गावाची घाण डोक्यावरून वाहणारी माणसं पालिकेचीच नोकर होती, पण त्यांची जागा सभागृहात नव्हती. इंग्रजांनी नेमलेला अधिकारी खुर्चीवर आणि आपले लोक हात जोडून उभे, हेही तिथे झालं आहे. म्हणून कुणी म्हणतं की ही गुलामीची निशाणी आहे, पाडली तर बिघडलं काय, तेव्हा मला त्या माणसाचा राग येत नाही.

आणि हा वाद आजचाही नाही. पुण्याच्या मंडईचं उदाहरण घ्या. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पालिका लाखो रुपये घालून भव्य मंडई बांधणार असं ठरलं तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. तरीही मंडई बांधली गेली. १८८६ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. पुढे १९३८ मध्ये, आचार्य अत्रे पालिकेत असताना, त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. काहींना ही थट्टा वाटते. मला वाटत नाही. फुल्यांचा प्रश्न बरोबर होता: या दगडावर कष्टकऱ्यांचा पैसा लागतो आहे, तो त्यांच्या कामी येणार का? आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तिथे भाजीवाल्या बाया बसतात, माळी बसतात. त्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार का होईना, त्या वापराने दिलं आहे. इमारत साहेबाने बांधली की आपल्या माणसाने, यापेक्षा तिच्यात आज कोण बसतं हे मला मोठं वाटतं.

जुनी सार्वजनिक इमारत नव्या कामाला लावणं ही काही परदेशी कल्पना नाही. मुंबईचा टाउन हॉल १८३३ चा. आज तिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, आणि त्या रुंद पायऱ्यांवर कुणीही जाऊन बसतं. कोल्हापूरचा टाउन हॉल १८७० च्या दशकात बांधला. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू शाळेतली पोरं तिथे रांगेने पाहून जातात. दोन्ही ठिकाणी काम बदललं, दार मात्र लोकांसाठी उघडं राहिलं.

आपल्या जिल्ह्यात तर याची उदाहरणं घरचीच आहेत, फक्त आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही. जमनालाल बजाजांचा बागेतला बंगला १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाला दिला गेला आणि मगनवाडी झाली. आजही तिथे ग्रामीण उद्योगांवरच काम चालतं. सेवाग्रामला बिर्लांनी बांधलेलं पाहुण्यांचं घर होतं. १९४५ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथे बायका-मुलांसाठी छोटा दवाखाना चालवला, आणि त्या कस्तुरबा रुग्णालयातून १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. आमच्या घरातली निम्मी बाळंतपणं तिथे झाली आहेत. श्रीमंताच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात गरिबांची बाळं जन्मली, यापेक्षा चांगला पुनर्वापर मला तरी सांगता येणार नाही.

सेवाग्रामची आणखी एक गोष्ट आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले. त्या कुट्या मातीच्या, कुडाच्या आणि कवेलूंच्या आहेत. माती म्हणजे पहिल्याच पावसात जाणारी वस्तू. तरी त्या जवळपास नव्वद वर्षं उभ्या आहेत. का? कारण कवेलू फेरले जातात, भिंती लिंपल्या आणि सारवल्या जातात, पावसाळ्याआधी झडीची सोय होते. तिथून थोड्या अंतरावरच्या तालुक्याच्या गावात काळ्या दगडाची, सागवानाची पालिका वीस वर्षांत धोकादायक होते. मातीची कुटी टिकली आणि दगडाची पालिका खचली, यातून जे शिकायचं ते शिकायला आपल्याला कुठल्या मोठ्या शहरातून तज्ज्ञ बोलवायची गरज नाही.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं सांगतो, कारण ती एकमेकांच्या उलट आहेत. लंडन शहराचं सरकार जिथून चालायचं ती काउंटी हॉल नावाची प्रचंड इमारत थेम्स नदीच्या काठावर आहे. १९८६ मध्ये ती महापालिकाच बरखास्त केली गेली आणि पुढे इमारत खाजगी हातात गेली. आज तिथे हॉटेल आहे, मत्स्यालय आहे. इमारत धडधाकट आहे, रंग ताजा आहे. पण जिथे लंडनचा बसचालक आपली तक्रार घेऊन जाऊ शकत होता तिथे आता तिकीट काढून जावं लागतं. दुसरं उदाहरण बोस्नियातल्या सारायेवोचं. तिथली नगरपालिका १८९६ मध्ये बांधली गेली. १९४९ नंतर तिथे राष्ट्रीय ग्रंथालय आलं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये शहराला वेढा पडलेला असताना तोफांच्या माऱ्याने ती जळाली आणि आतली लाखो पुस्तकं, हस्तलिखितं राख झाली. लोकांनी ती इमारत पुन्हा उभी केली आणि २०१४ मध्ये उघडली. दगड परत बसवता आला. कागद परत आला नाही. मला आमच्या रजिस्टरची वीट हातात धरताना सारायेवो आठवलं. तिथे कागद शत्रूने जाळला होता. इथे आमचा कागद एका न बदललेल्या पन्हाळीने गिळला.

आता आमच्या गावात काय ठरतंय ते सांगतो. जुनी पालिका पाडून तिथे व्यापारी संकुल. खाली-वर गाळे. माझ्या ओळखीचा एक तरुण इंजिनिअर आहे. त्याच्याशी मी या विषयावर वाद घातला आणि त्याने मला बरंच निरुत्तर केलं. तो म्हणाला, ‘सर, तुम्ही भावनेनं बोलता. त्या इमारतीत व्हीलचेअर जात नाही. बायकांसाठी संडास नाही. वायरिंग उघडी आहे. दुरुस्तीला चुन्याचा गवंडी कुठून आणू? आणि पालिकेनं पैसा कुठून आणायचा ते सांगा.’

त्याचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे. १९९९ मध्ये राज्यातल्या नगर परिषदांची जकात बंद झाली. जकात नाक्यावरचा त्रास गेला हे चांगलंच झालं, पण पालिकेच्या हातातलं रोजचं उत्पन्नही गेलं. तेव्हापासून पालिका राज्याच्या अनुदानाकडे तोंड करून बसल्या. स्वतःचं म्हणून जे उत्पन्न वाढवता येतं त्यात सोपा मार्ग एकच, गाळे. म्हणून बंद पडलेली शाळा दिसली की गाळे, जुना दवाखाना दिसला की गाळे, कोंडवाड्याची जागा दिसली की गाळे. गाळ्याचा लिलाव होतो, अनामत मिळते, नारळ फुटतो, फोटो येतो. पुढे त्यातले किती गाळे रिकामे पडून राहतात आणि किती जणांचं भाडं वर्षानुवर्षं थकतं, हे आपल्या गावच्या संकुलाला एक फेरी मारून ज्याचं त्याने पाहावं.

इंजिनिअरच्या बाकीच्या अडचणींना उत्तर आहे. व्हीलचेअरसाठी उतार बांधता येतो, एवढंसं जोतं आहे. संडास मागच्या अंगणात नवे बांधता येतात. वायरिंग बदलता येते. चुन्याचे गवंडी कमी झाले आहेत हे खरं, पण काम निघालं तर माणसं शिकतात. काम निघालंच नाही तर उरलेलेही विसरतील. आणि सगळं वाचवा असं माझं म्हणणंच नाही. मागची टिनाची शेड पाडा. कोंडवाडा पाडा. जिथे लाकूड खरंच सडलं आहे तिथे नवी तुळई घाला. पण पाडायचं की राखायचं हे ठरवण्याआधी चुन्याची इमारत कळणाऱ्या माणसाला एकदा दाखवा. सिमेंटच्या डॉक्टरला चुन्याचा रोगी दाखवून निकाल घेऊ नका.

माझ्या मते अशा इमारतीबद्दल निर्णय घेताना तीन गोष्टींची खात्री करायला हवी.

पहिली, कागद. इमारतीला हात लावण्याआधी आतले कागद बाहेर काढून, झटकून, सुकवून, कोरड्या जागी यादीसह ठेवले गेले पाहिजेत आणि त्यांचे फोटो काढले गेले पाहिजेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या नोंदी ज्या त्या पालिकेच्या रजिस्टरात, नाही तर खेड्यातल्या कोतवाल बुकात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्माच्या दाखल्याचं वजन आणखी वाढलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मणाऱ्या मुलाला शाळेपासून मतदार यादीपर्यंत तोच एक कागद पुरेल अशी व्यवस्था केली गेली. नव्या मुलांचं ठीक आहे, त्यांची नोंद संगणकात आहे. म्हाताऱ्यांचं काय? २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिराच्या जन्मदाखल्यांवरून गदारोळ झाला, चौकश्या लागल्या, काही काळ दाखले देणंच थांबलं. त्या काळात माझ्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली ती लिहून दाखवता येणार नाही. पण ही फक्त मुसलमानांची गोष्ट समजू नका. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद शोधणारा माझा कुणबी मित्र, गोवारी मित्र, माना मित्र, सगळे त्याच रॅकपुढे उभे असतात. आज सरकार सामान्य माणसाला विचारतं, तू इथला आहेस याचा पुरावा दाखव. तो पुरावा सरकारच्याच गळक्या छपराखाली ठेवलेला असतो. तो सांभाळायचं काम सरकारचं आणि हरवला तर शिक्षा आपल्याला, हा कुठला न्याय?

दुसरी, दार. नवं काम कोणतंही असो, त्या दारातून गावातला कुठलाही माणूस पैसे न देता आत जाऊ शकला पाहिजे. तालुक्याच्या गावात आज अभ्यासिकेला केवढी मागणी आहे ते पाहा. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी महिन्याला पैसे भरून टिनाच्या खोल्यांत एकेका खुर्चीसाठी नंबर लावतात. त्यांच्यासाठी गावातली सगळ्यांत थंड इमारत कुलूपबंद पडली आहे. पुढे वाचनालय, मधल्या सभागृहात अभ्यासिका, मागच्या खोल्यांत जुन्या नोंदींचा विभाग आणि बचत गटाच्या बायकांना बसायला जागा. उत्पन्न हवंच असेल तर आवाराच्या रस्त्याकडच्या बाजूला चार गाळे काढा, त्याचं भाडं इमारतीच्या देखभालीला बांधून ठेवा. उन्हाळ्यात दुपारी फेरीवाल्यांना, हमालांना व्हरांड्यात टेकता आलं तर तेवढ्यानेही त्या गवंड्याचे कष्ट सार्थकी लागतील.

तिसरी, विचारणा. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. निवडणुका थेट २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. लोकांचा एकही प्रतिनिधी नसताना लोकांच्या इमारतींचे निर्णय फायलीवर होत राहिले. आता नगरसेवक आहेत, नगराध्यक्ष आहेत. मुंबईसारख्या शहरात निदान वारसा इमारतींची यादी आहे आणि तिला नियमांचा आधार आहे. आमच्यासारख्या गावांत अशी यादी सहसा कुणी केलेलीच नसते. पण १९६५ च्या नगर परिषद कायद्याने पालिकेची मालमत्ता विकण्यावर आणि लांब मुदतीच्या भाड्याने देण्यावर बंधनं घातली आहेत, ती का घातली ते नव्या सभासदांनी समजून घ्यावं. ठराव करण्याआधी एक दिवस ती इमारत उघडा. झाडून घ्या. गावाला बोलवा. म्हाताऱ्यांना सांगू द्या इथे काय होतं, आणि पोरांना सांगू द्या इथे काय हवं आहे.

आमच्या घरात एक शब्द नेहमी वापरला जातो, अमानत. कुणी विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. ती वापरावी लागली तर जपून वापरायची, आणि मागितली की होती तशी परत करायची. विकायची नाही, कारण ती आपली नसते. पालिकेची इमारत ही अशी अमानत आहे. देणाऱ्यांत घरपट्टी भरणारा मालगुजार आहे आणि बाजाराच्या दिवशी बसण्याची फी भरणारी भाजीवाली पण आहे. घेणारे अजून जन्मायचे आहेत.

आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. आर्वी ज्याने वसवली असं मानतात तो तेलंगराव वली ब्राह्मण होता की मुसलमान, यावर जुन्या काळापासून दोन्ही बाजूंनी दावे आहेत आणि दोन्ही बाजू त्याच्या समाधीपुढे वाकतात. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला कोण कोण जातं हे सांगायची गरज नाही. एक जागा अनेकांची असू शकते, हे आपल्या मातीत मुरलेलं आहे. नगरपालिका ही तर कायद्यानेच अनेकांची असलेली जागा आहे.

अब्बांची नोंद मिळाली. तिची नक्कल मिळायला आणखी महिना लागला, पण मिळाली. पासपोर्टचं काम चालू आहे. चाचांची नोंद त्या विटेत आहे. चाचांना मी अजून सांगितलेलं नाही.

परवा अब्बांना त्या पानाचा फोटो पुन्हा दाखवत होतो. त्यांनी चष्मा लावून मोठा करून पाहिला. नोंद लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर त्यांना फार आवडलं. म्हणाले, ‘किती सावकाश लिहिलंय बघ. माझं नाव माहीत नव्हतं तरी.’ मग त्यांनी विचारलं, ते काका रिटायर कधी होतात? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. ते म्हणाले, ‘मग किल्ली कोणाकडे देणार, ते विचारून ठेव.’

मी नगर परिषदेला अर्ज दिला आहे. आपल्या गावात अशी इमारत असेल तर तुम्हीही द्या. अर्जात जास्त काही लिहू नका. किल्ली कोणाकडे आहे, छत गळतं का आणि आत कोणत्या सालापासूनचे कागद आहेत, एवढंच विचारा.